प्रयोगाचा वाफा

इंग्रजी शब्द कानी पडला की त्याला मराठी जोडीदार मिळवून दिल्याशिवाय आम्हांस स्वस्थता लाभत नाही. चार पिढ्या माळव्यात काढलेल्या मराठी घराण्यांना ही खोड असतेच. पुण्यामुंबईच्या मंडळींनी ज्या शब्दांना केव्हाच घरजावई करून घेतले, त्यांच्या पत्रिका आम्ही इंदुरात अजून पाहत बसलो आहोत. 'टेस्टबेड' हा त्यांतलाच एक. बिनतारी ब्रॉडबँडवरून चित्र आणि ध्वनी अखंड वाहते ठेवता येतात की नाही, हे पाहण्यासाठी संशोधक जे खांब, थाळ्या, पेट्या व संगणक यांचे जाळे उभारतात, त्यास ते टेस्टबेड म्हणतात. सरकारी हिंदीत त्याला 'परीक्षण-मंच' असे नाव पडलेले आम्ही वाचले आहे. ते आम्हांस रुचले नाही. मंच म्हटला की भाषणे आली, हारतुरे आले. आमची सारी नोकरी मध्य प्रदेश शासनाच्या कृषी विभागात गेली. आमच्या लेखी 'बेड' म्हणजे वाफा. रोप तगते की नाही हे पाहण्यासाठी काढलेला वाफा. आणि वाफ्यात रोपे मरतात, हेही शेतकी खात्यातल्या माणसास ठाऊक असते.

शेतीत प्रयोगाचे वाफे दोन प्रकारचे. एक संशोधन केंद्रातला. तेथील जमीन समतल, पाणी मोजून दिलेले, प्रत्येक वाणाच्या चार-चार आवृत्त्या, भोवती काटेरी तारेचे कुंपण. दुसरा शेतकऱ्याच्या बांधावरचा. तेथे शेजाऱ्याची म्हैस शिरते, कालव्याचे पाणी ऐन वेळी बंद होते, आणि पलीकडच्या शेतात फवारलेले औषध वाऱ्याने अलीकडे येते. आमच्या इंदुरास या वादाचा मोठा वारसा आहे. येथील वनस्पती-उद्योग संस्थेत 1924 ते 1931 या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड होते. कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' जगभर गेली ती येथूनच. शास्त्रज्ञाने आधी स्वतः शेत कसावे आणि मग शिकवावे, असा त्यांचा आग्रह असे. खात्यात आमच्या वेळी हॉवर्डसाहेबांचे नाव सर्वांच्या ओठी होते. आग्रह मात्र कोणी फारसा पाळत नसे. असो.

बिनतारी संशोधनातही हेच दोन प्रकार आहेत, हे आमचा एक भाचा या विषयात पडल्यामुळे आम्हांस कळले. कुंपणातल्या वाफ्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातले. रटगर्स विद्यापीठाच्या विनलॅब या प्रयोगशाळेने 'ऑर्बिट' नावाचा एक टेस्टबेड उभारला. एका मोठ्या दालनात छताला टांगलेली 400 बिनतारी यंत्रे, 20 ओळी आणि प्रत्येक ओळीत 20, एकमेकांपासून मीटरभर अंतरावर. 2005 पासून इतर ठिकाणचे संशोधकही वेळ राखून घेऊन दुरूनच त्यावर प्रयोग करू लागले. एका दालनात दूरचे अंतर आणायचे कसे? तर मुद्दाम गोंगाट सोडून. कोलाहलात जवळचा आवाजही दूरच्यासारखा क्षीण होतो, हे त्यामागचे तत्त्व. येथला मोठा गुण असा की काल केलेला प्रयोग आज जसाच्या तसा पुन्हा करता येतो. मोकळ्या हवेला कुंपण घालता येत नाही, तेव्हा बाहेर हे भाग्य दुर्मीळ.

बांधावरचे वाफे दोन सांगतो. पहिला मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज शहरातला, एमआयटी या संस्थेचा 'रूफनेट'. विद्यार्थ्यांच्या व रहिवाशांच्या छपरांवर तीसपेक्षा अधिक यंत्रे बसविली, आणि एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या घेत निरोप जाऊ लागला. दुसरा आपल्याकडचा. कानपूरच्या आयआयटीने 2002 च्या सुमारास मीडिया लॅब एशियाच्या अर्थसाहाय्याने 'डिजिटल गँजेटिक प्लेन्स' हा प्रकल्प हाती घेतला आणि कानपूर-लखनऊ पट्ट्यातील खेड्यांत खांब रोवले. घरात वा कचेरीत शंभरेक फुटांपर्यंत चालावे म्हणून घडविलेले स्वस्त वाय-फाय यंत्र दिशादर्शी थाळी लावून मैलोगणती पोहोचवायचे, हा त्यांचा बेत. त्यांचा सर्वांत लांब दुवा 35 किलोमीटरांहून लांब होता.

हे कसे जमते ते थोडे उलगडून सांगितले पाहिजे, कारण त्यातच पैशाचा हिशेब दडला आहे. लहरीला दोन टोके एकमेकांस दिसावी लागतात. पृथ्वी गोल असल्यामुळे 40 किलोमीटरांच्या दुव्यात मध्यावर जमिनीचा फुगवटा सुमारे 24 मीटर भरतो. हवेमुळे लहर किंचित वाकते, ती सवलत धरूनच हा आकडा. शिवाय लहर सुतासारख्या रेषेत जात नाही. तिला भोवती मोकळी जागा लागते. या यंत्रांच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर. त्या मानाने मध्यावर आणखी 21 मीटर तरी मोकळे हवेत. म्हणजे दोन्ही टोकांस 45 मीटर उंचीचे मनोरे, आणि वाटेतल्या आंबा-चिंचेची उंची वेगळीच. यंत्राची किंमत काही हजारांत, मनोऱ्याची काही लाखांत. बिनतारी म्हणून स्वस्त, हा भ्रम या पहिल्याच हिशेबात गळून पडतो. कानपूरच्या मंडळींनी खेड्यासाठी जाळे आखताना यंत्रांपेक्षा मनोऱ्यांची उंची कमी कशी ठेवता येईल याचाच अधिक विचार केला, तो या कारणाने.

दुसरी अडचण पोचपावतीची. वाय-फाय यंत्र माहितीचे एक पाकीट पाठवते आणि पोचपावतीची वाट पाहते. पोचपावती आली की पुढचे पाकीट. 40 किलोमीटर जाऊन परत येण्यास लहरीला सुमारे 267 मायक्रोसेकंद लागतात. यंत्राला मात्र दालनापुरता धीर दिलेला. मूळ पत्राचे उत्तर वाटेत असतानाच ते स्मरणपत्र काढते. आमच्या जिल्हा कार्यालयात हा प्रकार नित्याचा होता, त्यामुळे हा भाग समजण्यास आम्हांस मुळीच प्रयास पडले नाहीत. तिसरी अडचण अशी की एका मनोऱ्यावर चार दिशांना चार थाळ्या असल्या, तर एक बोलत असताना शेजारचीला ऐकूच येत नाही. कानपूरकरांनी 2005 साली यावर तोड मांडली. एका मनोऱ्यावरच्या साऱ्या थाळ्यांनी एकतर एकदम बोलावे, नाहीतर एकदम ऐकावे. तमाशातल्या दोन फडांचा सवाल-जवाब डोळ्यांपुढे आणला की ही युक्ती पुरती ध्यानात येते.

मौज अशी की दोन्ही बांधांवरचे पीक सारखे आले नाही. केंब्रिजच्या छपरांवर पुष्कळसे दुवे अर्धवट चालत. ना धड तुटत, ना धड टिकत. भिंतींवरून परतणाऱ्या लहरींचा हा खेळ असावा, असे तेथील अभ्यासकांनी अनुमान काढले. कानपूरच्या पट्ट्यात मोजणी केली तेव्हा निराळे दिसले. लहरीचा जोर एका मर्यादेवर असला की पाकिटे जवळजवळ हरवतच नाहीत. पावसाचा अथवा धुक्याचा लक्षात यावा असा परिणाम नाही. पाकिटे गहाळ होतात ती आसपासच्या दुसऱ्या बिनतारी यंत्रांच्या गलबल्यामुळे. एकाच जातीची यंत्रे, दोन जमिनी, दोन निष्कर्ष. यासाठीच वाफा आपल्या मातीत काढावा लागतो.

आणि हे करण्यास परवानगीही लागे. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात उघड्यावर लहर सोडण्यास केंद्र सरकारने जानेवारी 2005 मध्ये परवान्यातून मुक्तता दिली. त्यापूर्वी आपल्या अंगणातून शेजारच्या गावी लहर पाठविणे म्हणजे दिल्लीस फाइल पाठविणे. ती फाइल आज कोणी संग्रहालयात ठेवली तर आम्ही तिकीट काढून पाहू.

आता चित्राविषयी. पत्र पाठविणे वेगळे आणि चित्र वाहते ठेवणे वेगळे. पत्र चार सेकंद उशिरा आले तर बिघडत नाही. चित्राला ठरल्या वेळी पोहोचावेच लागते. सेकंदाला 25 चित्रे, त्यांत एक पूर्ण आणि मागून येणारी केवळ फरक सांगणारी, अशी काटकसर करून ती पाठवितात. त्यामुळे पूर्ण चित्राचे एक पाकीट गहाळ झाले की मागून येणारी सारी चित्रे विद्रूप होतात. माणसाचा चेहरा चौकटींच्या गोधडीसारखा दिसतो. मुद्रित चित्रफीत असली तर यावर उपाय आहे. इंदूरकरांना तो सांगणे न लगे. नर्मदेचे पाणी दिवसाआड येते म्हणून आपण गच्चीवर टाकी बसवितो. तशी चित्राचीही टाकी भरून ठेवायची आणि नळ मंदावला तरी खाली धार चालू ठेवायची. पण दोन माणसे समोरासमोर बोलत असतील तर टाकी चालत नाही. एका बाजूचा शब्द दुसरीकडे पोहोचण्यास 150 मिलिसेकंदांहून अधिक लागले की संभाषणात अडखळ येऊ लागते, दोघे एकदम बोलतात आणि दोघे एकदम थांबतात. हरवलेले पाकीट पुन्हा मागवावे तर तेवढा वेळ नाही. आधीच थोडी जादा माहिती बरोबर पाठवावी तर तेवढी वाट रुंद नाही. या दोन्हींचा तोल कोठे साधावा, हे कागदावर ठरत नाही. म्हणून संशोधक एक ठरावीक चित्रफीत इकडून सोडतात, तिकडे पोहोचलेली तिच्याशी चित्रागणिक ताडून पाहतात, आणि शिवाय माणसे बसवून त्यांच्याकडून 1 ते 5 असे गुण घेतात. आमच्याकडे नव्या तांदळाची चव पाहण्यासाठी पाच माणसे बसवीत, तसेच हे.

येथवर आम्ही ऐकीव आणि वाचीव सांगितले. पुढचे मात्र पाहिलेले आहे.

2006 साली आमची नेमणूक निमाडातील एका विकासखंडात होती. कापूस आणि मिरचीचा मुलूख. शासनाच्या एका विभागाने तेथे दोन वर्षांचा प्रायोगिक प्रकल्प काढला. विकासखंडाच्या कार्यालयावर एक मनोरा, सहा ते अकरा किलोमीटरांवरच्या तीन गावी एकेक खांब, प्रत्येक ठिकाणी थाळी, संगणक आणि कॅमेरा. शेतकऱ्याने रोगट पान कॅमेऱ्यासमोर धरावे, तज्ज्ञाने इकडे बसून पाहावे आणि उपाय सांगावा, अशी योजना. आम्ही रेडिओच्या जमान्यातली माणसे. इंदूरच्या मालवा हाऊसमधून शेतकऱ्यांसाठी होणारे कार्यक्रम गावोगाव ऐकले जात, पण रेडिओला उलट प्रश्न विचारता येत नसे. येथे तो विचारता येणार होता, म्हणून आम्हांस या कामाचे अप्रूप वाटले.

ठेकेदाराच्या माणसांनी पाहणी वैशाखात केली. मधल्या टेकडीवरचे साग तेव्हा निष्पर्ण होते; दुवा आरशासारखा स्वच्छ मिळाला. श्रावणात सागाला सुपाएवढी पाने फुटली आणि एका गावाचे चित्र नाहीसे झाले. ओल्या पानांत ही लहर मुरते. खांब तीन मीटर वाढवावा लागला. मग विजेची कथा. दिवसा भारनियमन, आणि रात्री पंप एकदम बंद झाले की दाब असा उसळे की यंत्रांचे अडॅप्टर जळून जात. पहिल्या वर्षी अशा जळालेल्या अडॅप्टरांची एक टोपली भरली. गावातल्या आटा-चक्कीवाल्याने मग आपल्या बुद्धीने एक जुना स्टॅबिलायझर जोडून दिला. तो प्रकल्पाच्या कोणत्याही यादीत नव्हता, आणि पुढे सर्वांत अधिक टिकला तो तोच.

सर्वांत मोलाचा शोध आमच्या एका ग्रामीण कृषी विस्तार अधिकाऱ्याचा. मिरचीवर चुरडा-मुरडा पडला होता. शेतकरी पान हालवीत कॅमेऱ्यासमोर धरी, चित्र गोधडीसारखे होई, आणि पानामागची बारीक कीड तज्ज्ञास काही केल्या दिसेना. या गृहस्थाने चलच्चित्र बंदच केले. पानाचे एकच स्थिर छायाचित्र पूर्ण बारकाव्याने पाठवावे, त्याला मिनिटभर लागले तरी लागो. आणि आवाज मात्र सलग चालू ठेवावा. तज्ज्ञाने छायाचित्र समोर ठेवून प्रश्न विचारावेत, शेतकऱ्याने उत्तर द्यावे. काम एकदम सुरळीत झाले. माणूस धूसर चित्र खपवून घेतो, तुटका आवाज खपवून घेत नाही, हे अनेक संशोधकांनी पुढे-मागे लिहिलेले आहे. आमच्या या सहकाऱ्याने ते वाचलेले नव्हते.

मार्च 2008 मध्ये प्रायोगिक कालावधी संपला. अहवालात उद्दिष्टपूर्ती शंभर टक्के दाखविण्यात आली. सागाची पाने, जळालेले अडॅप्टर, स्थिर छायाचित्राची युक्ती, यांतले काही त्यात नव्हते. शासकीय प्रयोग फसत नसतो, आणि जो फसत नाही त्याच्यापासून दुसऱ्या जिल्ह्याने शिकावे तरी काय? आम्ही नोटशीट लिहिली. तिन्ही गावांत मिळून एक शिकलेला मुलगा मासिक मानधनावर ठेवावा, बॅटऱ्या बदलण्यास अमुक रक्कम मंजूर करावी, म्हणजे जाळे चालू राहील. नोटशीट 'चर्चा करें' अशा शेऱ्यासह परत आली. चर्चा झाली नाही. यंत्रे उतरवून भांडारात जमा झाली. खांब उतरविण्याचा खर्च कोणत्याच शीर्षाखाली बसेना, म्हणून खांब तसेच राहिले.

त्या गावात एक विधवा शेतकरीण होती. दोन एकर मिरची. तिने या यंत्रावरून तज्ज्ञास दोन हंगाम प्रश्न विचारले होते आणि औषधाच्या दुकानदाराच्या सल्ल्याने होणारी निम्मी फवारणी बंद केली होती. पुढे कित्येक महिने ती हाटाच्या दिवशी कार्यालयात येई आणि ती खिडकी केव्हा उघडणार म्हणून विचारी. खिडकी हा तिचाच शब्द. प्रायोगिक कालावधी समाप्त झाल्याचे तिला समजावून सांगणे आमच्याच वाट्यास आले. तिने विचारले, प्रयोग तुमचा होता, पण मिरची तर खरी होती ना? शासनाच्या कोणत्याही परिपत्रकात यावर उत्तर आम्हांस सापडले नाही.

हा प्रश्न नवा नव्हे. आम्ही सोळा वर्षांचे असताना, 1 ऑगस्ट 1975 रोजी, 'साइट' हा उपग्रह दूरदर्शनाचा महाप्रयोग सुरू झाला. अमेरिकेचा एटीएस-6 हा उपग्रह वर्षापुरता मागून आणला होता. सहा राज्यांतील 2400 खेड्यांत जाळीच्या तीन मीटर व्यासाच्या छत्र्या बसवून थेट चित्र उतरविले गेले. त्या सहा राज्यांत आमचा मध्य प्रदेशही होता. या कार्यक्रमाचे व्यवस्थापन कोल्हापुरात जन्मलेल्या प्रा. एकनाथ चिटणीस यांच्याकडे होते, ही आपणां मराठी मंडळींस अभिमानाची बाब. प्रयोग अपूर्व होता, पुढच्या साऱ्या दूरदर्शनाचा पाया त्याने घातला, यात शंका नाही. पण 31 जुलै 1976 नंतर उपग्रह ठरल्याप्रमाणे परत गेला. काही भागांत पुढे जमिनीवरचे प्रक्षेपक आले. अनेक गावांत पडदा काळा झाला. शास्त्रज्ञांना पहिल्या दिवसापासून ती तारीख माहीत होती. चावडीवर बसलेल्यांपैकी कितीजणांना ती कोणी सांगितली असेल?

म्हणून तमिळनाडूतील थेनी येथील प्रयोगाचे आम्हांस विशेष वाटते. अरविंद नेत्र रुग्णालय आणि कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाचा एक संशोधक गट यांनी मिळून तेथे लांब पल्ल्याच्या वाय-फायने खेड्यांतली नेत्रकेंद्रे रुग्णालयाशी जोडली. खेड्यातल्या केंद्रात प्रशिक्षित मुलगी रुग्णाचा डोळा तपासते आणि डॉक्टर पडद्यावरून रुग्णाशी बोलतात. पोचपावत्या एकेक न धाडता गठ्ठ्याने धाडाव्यात, बोलण्याच्या पाळ्या बांधून घ्याव्यात, या सुधारणांनी या गटाने अशा दुव्यांची क्षमता दुपटीपासून पाचपटीपर्यंत वाढविल्याचे 2007 साली मांडले. पण आम्हांस मोठा वाटतो तो त्यांचा 2008 चा निबंध. नावच 'बियाँड पायलट्स', म्हणजे प्रायोगिकतेच्या पलीकडे. वेगाच्या बढाया त्यात थोड्या. काय जळाले, का जळाले, खेड्यात दुरुस्त करणारा कोणी नसताना बिघाड ओळखायचा कसा, याचाच पाढा अधिक. गलिच्छ वीज हे बिघाडांचे मोठे मूळ, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. तेव्हा त्या जाळ्यावरून महिन्याला 3000 ग्रामीण रुग्ण डॉक्टरांशी बोलत होते. हा निबंध वाचताना आम्हांस आमची अडॅप्टरांची टोपली आठवली. फरक इतकाच की त्यांची टोपली छापली गेली.

त्यांचे जाळे टिकले त्याचे कारण आमच्या मते यंत्रात नाही. रुग्णालय तेथे आधीपासून होते आणि नंतरही राहणार होते. संशोधक गेले तरी डोळे तपासण्याची गरज आणि ती भागविणारी माणसे जागेवरच. प्रयोग जुन्या मुळावर कलम केला होता. आमचा खांब नुसत्याच जमिनीत खोचलेला.

महाराष्ट्रातही असा एक वाफा काढला गेला आहे. दूरदर्शनसाठी राखलेल्या 470 ते 590 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला बहुतेक भाग देशभर रिकामा पडून असतो, हे मुंबईच्या आयआयटीतील प्रा. अभय करंदीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखविले. 120 मेगाहर्ट्झपैकी सरासरी शंभराहून अधिक मोकळे, तेही उत्तर विभाग वगळता चारही विभागांत. या लहरी झाडीतून वाट काढण्यात वाय-फायपेक्षा पुष्कळ तरबेज. आमच्या सागाने अडविले ते यांना अडविता येत नाही. पालघर जिल्ह्यातील खामलोली व आसपासच्या गावांत त्यांनी या रिकाम्या पट्ट्यावर टेस्टबेड उभारला. त्यातूनच वाढलेल्या 'ग्राममार्ग' या उपक्रमाला 2017 साली मोझिलाच्या स्पर्धेत प्रथम क्रमांक मिळाला. त्यांच्या विचारात एक गोष्ट आम्हांस फार भावली. गावातले जाळे ग्रामपंचायतीने आपले म्हणून चालवावे, खर्च आणि मिळकत दोन्ही तिची. म्हणजे मालक कोण, हा प्रश्न प्रयोगाच्या आतच घेतला.

दरम्यान 2016 नंतर स्वस्त चौथ्या पिढीचे मोबाइल जाळे आले, आणि आमचा भाचा ज्यासाठी रात्री जागवी ते चित्र प्रत्येकाच्या खिशात वाहू लागले. मग हे सारे वाफे व्यर्थ गेले काय, असे आमच्या स्नेह्यांपैकी एकाने विचारले. आम्हांस तसे वाटत नाही. 17 मे 2022 रोजी आयआयटी मद्रासच्या नेतृत्वाखाली आठ संस्थांनी उभारलेल्या पाचव्या पिढीच्या टेस्टबेडचे उद्घाटन झाले. त्यावर सुमारे 220 कोटी रुपये खर्च झाले आहेत. त्यांतील अनेक संस्थांत वीस वर्षांपूर्वी खांबांवर चढलेली माणसे आज शिकवीत आहेत. पण ती यंत्रे संस्थांच्या आवारात आहेत, कुंपणात. भाच्यास आम्ही एवढेच सुचविले की पुढचा वाफा खेड्यात काढशील तेव्हा अनुदानाच्या अर्जात यंत्रांच्या किमतीखाली आणखी एक ओळ घाल: प्रयोग संपल्यानंतरच्या तीन वर्षांचा देखभाल खर्च व एका स्थानिक माणसाचे मानधन. तो म्हणाला, 'मामा, अशी ओळ घातली की संशोधनाचा अर्ज संशोधनाचा राहत नाही, योजनेचा होतो, आणि योजनेला पैसे देणारे खाते वेगळे.' उत्तर बरोबर होते. आमची नोटशीटही याच दोन खात्यांमधल्या फटीत पडली होती.

निवृत्तीनंतर, 2023 च्या हिवाळ्यात, ओंकारेश्वरास जाताना आम्ही वाट वाकडी करून त्या गावी गेलो. ती बाई हयात आहे. नातू मोबाइलवर मिरचीच्या पानांची छायाचित्रे काढून कोणाकोणास पाठवितो, पण उत्तरे येतात ती बहुधा औषधे विकणाऱ्यांकडूनच, असे तिने सांगितले. खांब अजून उभा आहे. त्यावर पंचायतीने भोंगा आणि एक मोठा दिवा टांगला आहे, आणि वाढविलेले ते तीन मीटर वरती तसेच, किंचित एका बाजूला कललेले. त्याच्या मीटरचे वीजबिल पंधरा वर्षांत नाव न बदलता प्रकल्पाच्याच नावाने येते. सरपंचांनी ते आम्हांस दाखविले आणि हे कोणी भरावे, असे अदबीने विचारले.